उपासाचा डबा

आमच्याकडं भुईमूग कुणी म्हणत नाही, शेंगा म्हणतात. नवरात्राच्या तोंडावर पानांवर काळे ठिपके पडले, खालची पानं गळायला लागली की माणूस रानात जातो, एक झाड उपटतो, मुळाची माती झाडतो आणि एक शेंग फोडून टरफलाच्या आतल्या अंगाला बघतो. आत काळपट झालं असलं तर शेंग काढणीला आली. पांढरं असलं तर अजून आठ दिवस. एवढं बापानं शिकवलं. चौथीपर्यंतचं मास्तरानं शिकवलं, त्यातलं आता फारसं काही आठवत नाही.

ह्या वर्षी काढणीच्या आधी मी तसं एक झाड उपटलं. ओल्या मातीचा आणि कच्च्या दाण्याचा मिळून एक वास येतो, दुधाळ, व्यालेल्या म्हशीच्या चिकाच्या जवळ जाणारा. तो नाकात गेला आणि मी बांधावर बसलो, ते बराच वेळ उठलोच नाही. शेजारच्या उसातनं वारं जात होतं. लांब बिद्रीच्या रस्त्यावर एखादा ट्रॅक्टर वाजत होता. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा दमला. दमलोय हे खरं आहे. पण शेंगा उपटून दमलो नाही, कारण ह्या वयात मला कुणी उपटायला देतच नाही.

हौसा, म्हणजे माझी बायको, जाऊन ह्या थंडीला दोन वर्षं होतील. तिच्यामागं हा दुसरा शेंगांचा हंगाम.

डोळे मिटले की तिचं तोंड चटकन दिसत नाही, हे मी खरं सांगतो. दिसतो तो हात. सोप्याच्या दाराशी उजेडाला ती बसायची, एक पाय लांब, एक मुडपलेला, मांडीवर सूप. सुपात दाणे ओतले की तिची तीन बोटं चालायला लागायची. चांगला दाणा बोटाखालनं आपोआप पुढं पळायचा आणि वाईट मागं राहायचा, जसं त्यालाच कळतंय की आपण कुठं जायचं. बोलणं दुसरीकडंच चालू असायचं. शेजारणीशी, पोराशी, माझ्याशी भांडण. हात थांबायचा नाही. संध्याकाळी तिच्या बोटांना लाल टरफलाचा रंग चढलेला असायचा आणि त्याच बोटांनी ती मला भाकरी वाढायची.

तीन वाटे व्हायचे. सगळ्यात टपोऱ्या शेंगा न फोडता तशाच पोत्यात, तोंड शिवून माळ्यावर, त्या पुढच्या साली बियाण्याला. दुसरा वाटा चांगल्या दाण्यांचा. तो पावण्यांना, लेकीच्या सासरला, पुण्यातल्या दिराला, उरलेला बाजारला आणि थोडा आमच्या चटणीला. तिसरा वाटा म्हणजे राहिलेलं. सुरकुतलेलं, पोचट, किडकं, पिवळं पडलेलं, कुठं हिरवट बुरशी लागलेलं. ते वनस्पती तुपाच्या एका जुन्या डब्यात जायचं. त्या डब्याचं नाव उपासाचा डबा. आमच्याच घरात होता असं नाही, गल्लीतल्या प्रत्येक घरात असला एक डबा होता. उपास बायका धरतात आणि डबा बायका संपवतात. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

हौसाचे उपास किती म्हणून सांगू. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, दोन्ही एकादशी. श्रावण तर सगळाच तिचा. आणि वर नवरात्र. गावात निम्म्या बायका उठता-बसता धरतात, म्हणजे घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी. हौसा नऊच्या नऊ दिवस धरायची. पायात चप्पल नाही. अंबाबाईला एक दिवस एसटीनं जाऊन यायची, ते पण अनवाणी. खायला वरी आणि दाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी दाण्याचं कूट घालून शाबू, तिसऱ्या दिवशी गूळ-दाणे. काय पण खाल्लं तरी दाणा त्यात होताच. उपास म्हणजे अन्न टाळायचं असं म्हणतात. तिनं भाकरी टाळली आणि जन्मभर त्या डब्यातलं खाल्लं.

एकदा मी तिच्या ताटलीतली आमटी चाखली होती. कडू लागली. थुंकून टाकली. ती म्हणाली, भाजताना जरा करपलंय. आणि वरनं गुळाचा खडा टाकला.

एक हंगाम मला विसरता येत नाही. हौसा आजारी पडायच्या पाच-सहा वर्षं आधीचा असेल. पाऊस जायचं नावच घेत नव्हता. घट चार दिवसांवर आले तरी ढग पन्हाळ्याच्या बाजूनं रोज दुपारी चढून यायचे आणि संध्याकाळी रिकामे होऊन जायचे. रानात पाय टाकला तर चप्पल चिखलात राहायची. शेंग तयार झाली होती. पण मला घाई शेंगांची नव्हती, उसाच्या लावणीची होती. सरी सोडायला ट्रॅक्टरवाल्यानं नंबर दिला होता आणि तो नंबर गेला की पंधरा दिवस त्याचं तोंड दिसत नाही. हौसा म्हणाली, "दोन दिस थांबा की. ऊन पडू दे."

मी म्हणालो, "ऊन काय तुझ्या बानं सांगून ठिवलंय व्हय?"

असं बोलणं आमच्यात चालायचं. ती राग धरायची नाही, किंवा धरत असेल तर मला कळायचा नाही. बाया लावल्या आणि पावसातच शेंगा उपटून, तोडून घेतल्या. डोक्यावर पोत्याच्या खोळा घेतलेल्या त्या बाया अजून डोळ्यांपुढं आहेत, खोळेच्या टोकातनं पाणी गळतंय आणि खाली हात चालू. ओल्या शेंगा सोप्यात आणून ढीग घातला, वर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. पाऊस आत येऊ नये म्हणून झाकलं. आतला पाऊस बाहेर जायला वाट ठेवली नाही, हे डोक्यातच आलं नाही. मी लावणीच्या मागं लागलो. आठ दिवस ताडपत्री कुणी उचलली नाही.

आठव्या दिवशी हौसानं उचलली. मी तिथंच होतो. ढिगातनं वाफ आली. हात घातला तर खुडूक कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखं गरम. आणि वास. शिळ्या भाकरीला केस येतात तसा. मधल्या शेंगांवर पिवळसर हिरवी भुकटी धरली होती, झटकली की उडायची. हौसा मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मग तिनं त्या शेंगा घरभर पसरल्या. सोप्यात, माजघरात, खाटेखाली, गोठ्याच्या पत्र्यावर ऊन आलं की तिथं. पंखा दिवसभर चालू. त्या वर्षी आम्ही शेंगांत जेवलो, शेंगांत झोपलो. कूस बदलली की खालनं कर्रर्र आवाज यायचा. नातवंडं खूश होती. आज ते सगळं आठवताना मला ते घर फार सुंदर दिसतं, आणि ह्याचाच राग येतो.

नंतर ती सूप घेऊन बसली. तिसरा वाटा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा झाला. ती म्हणाली, "हे टाकूया का? लई कडू लागतंय."

मी म्हणालो, "टाकतीस कशाला? भाजलं की जातंय सगळं. तुझ्या उपासाला हुईल."

तिनं डबा भरला. राहिलेलं पोत्यात भरून डब्याशेजारी ठेवलं. ते पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरलं.

हे बोलणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे हेच माहीत नव्हतं. असली वाक्यं घरात दिवसाला पन्नास बोलली जातात.

पुढं तिचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडं कावीळ म्हणजे दवाखाना नाही. एका गावात एकजण पाला वाटून देतो, अनशापोटी तीन दिवस घ्यायचा. घेतला. उतार पडला नाही. त्या वर्षीचं नवरात्रही तिनं पुरं धरलं, पोट फुगलेलं असताना. मग संभा, माझा मुलगा, तिला कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मी पण गेलो. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं पोटावर ते यंत्र फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, दारू घेता का?"

हौसा हसली. एवढ्या दुखण्यात ती हसली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ते ह्यास्नी इचारा. ह्यांच्या वाटणीचं मला झालंय बघा."

सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. लिव्हरला गाठ होती. दिवाळी झाली, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार तिला मिळाला नाही. त्या दिवशीचा उपास चुकला, तेवढाच.

तिच्यामागं लोक म्हणाले, चांगली बाई होती, कुणाला त्रास न देता गेली. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. त्रास द्यायला काय हरकत होती.

आता ह्या वर्षाचं सांगतो. ह्या वर्षीही काढणीच्या वेळेला पाऊस आला. पहिल्यासारखा नाही, पण चार दिवस लागून राहिला. शेंगा काढून आणल्या होत्या. ताडपत्री मी टाकू दिली नाही, पण पोत्यात भरून ठेवल्या गेल्या आणि पोती गरम झालीच. सारिका, माझी सून, सोप्याच्या दाराशी उजेडाला सूप घेऊन बसली. तेच तीन वाटे. तोच डबा. हौसाच्या जागी ती आता नऊ दिवस धरते. तिला कुणी शिकवलं नाही, तिनं बघून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळच्या वेळेला अश्विनी आली. ही माझ्या बहिणीची नात. कोल्हापुरात विद्यापीठात रसायनाचं काहीतरी मोठं शिकते, आता तिचं स्वतःचं संशोधन चालू आहे. स्कूटीवर पुढं थर्माकोलचा डबा बांधलेला, त्यात बर्फ आणि छोट्या नळ्या. म्हणाली, "आबा, शेंगांचे नमुने गोळा करतोय. गारगोटीपासनं सुरू केलंय. तुमच्या घरचे द्या." सारिका डेअरीला दूध घालायला गेली होती, घरात मी एकटाच. मी म्हणालो, घे की, शेंगा काय कुणी मोजून ठेवल्यात. आणि काय बघणार त्यात, ते सांग आधी.

तिनं सांगितलं ते मी मला कळलं तसं सांगतो. शेंगा ओल्या राहिल्या, गरम झाल्या की त्यावर एक बुरशी येते, पिवळी-हिरवी. ती बुरशी दाण्यात एक विष सोडते. बुरशी झटकली, दाणा धुतला, तरी विष आत राहतं. भाजलं तर थोडं कमी होतं, जात नाही. डोळ्याला दिसत नाही. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते एकाच ठिकाणी जाऊन बसतं.

"कुठं?" मी विचारलं.

"लिव्हरवर," ती म्हणाली. आणि बोलताबोलता गप्प झाली. हौसाच्या दिवसाला ती आलेली होती.

दारात चिमण्या टरफलात चोच मारत होत्या. थोड्या वेळानं मीच म्हणालो, मग तुझं काम काय त्यात, दाखव.

तिनं पिशवीतनं बोटाएवढी काचेची बाटली काढली. आत काळं पाणी, काजळ कालवल्यासारखं. म्हणाली, हे लोखंड आहे, पण इतकं बारीक की पिठाचा कण ह्याच्यापुढं डोंगर. मग तिनं एक चुंबक बाटलीच्या अंगाला लावलं. हळूहळू सगळं काळं त्या बाजूला सरकलं आणि चिकटून बसलं. राहिलेलं पाणी आरपार दिसायला लागलं. मी चष्मा पुसून परत बघितलं. तिनं चुंबक काढलं, बाटली हलवली, पुन्हा काळं. पुन्हा लावलं, पुन्हा नितळ. मला लहानपणची आठवण झाली, फुटक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून ओढ्यातनं ओढत न्यायचो, त्याला काळी वाळू केसासारखी उभी राहायची.

मी म्हणालो, "हे गिरणीत पण असतंय. ज्वारीत खिळा असला तर चुंबक धरतंय. पण इषात कुठं लोखंड हाय?"

ती खूश झाली. म्हणाली, बरोबर विचारलं आबा, तेच तर काम. विषाला चुंबक ओढत नाही. म्हणून ह्या लोखंडाच्या कणावर एक लेप द्यायचा, त्या लेपाला नेमकं तेच विष चिकटतं, दुसरं काही नाही. दाणे वाटून त्याच्या पाण्यात हे कण सोडायचे, ढवळायचं, विष जाऊन कणाला चिकटतं, मग चुंबक लावून सगळं एका बाजूला ओढायचं. ते धुऊन मोजलं की किती विष होतं ते कळतं.

म्हटलं, कळलं. म्हस उसात शिरली तर दिसत नाही. गळ्यात घंटी बांधली असली की हुडकून बाहेर काढता येते.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "हे मी सरांना सांगणार."

मग म्हणाली की नुसतं हुडकून ती थांबणार नाही. तेलात हेच कण सोडून विष बाहेर ओढून काढायचं, तेल शुद्ध करायचं, ते तिचं पुढचं काम. बाटलीत जमतंय. घाण्यावर जमायला अजून वेळ आहे. लोखंडाचा एक कण तेलात मागं राहिला नाही पाहिजे, ते सोडलेले कण परत कसे वापरायचे, खर्च किती, हे सगळं आधी सिद्ध करायला लागतं, नाहीतर एक विष काढून दुसरं घालायचं. घाईचं काम नाही म्हणाली. मला ती पोरगी त्या बोलण्यामुळं आवडली.

"मग तोवर आमी काय करायचं?"

"तोवर हात, आबा. ऊन दाखवायचं, आणि सुपात नीट निवडायचं. खराब दाण्यातच बहुतेक सगळं विष असतं. तुमच्या घरात निवडतात एकदम भारी, हे दिसतंयच." तिनं सोप्यातले वाटे बघितले. "पण निवडून काढलेलं जातं कुठं, ते सांगा."

मी फळीवरच्या डब्याकडं बघितलं. तिनं माझी नजर बघितली. खाली घेऊन झाकण काढलं आणि वास घेतला. तिला काही सांगायला लागलं नाही. तिची आई पण नवरात्र धरते.

तिनं एका नळीत डब्यातले दाणे घेतले, दुसरीत चांगल्या वाट्यातले. वर चिकटपट्टी लावून आकडे लिहिले. ती निघायला लागल्यावर मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातनं गेलं. म्हटलं, "अश्विनी, तुझ्या हौसा आजीला ह्यानंच झालं का गं?"

ती हेल्मेट हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, दाण्यात काय हाय ते मी सांगू शकते. आजीच्या पोटात काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार न्हाय. काविळीनं पण होतं, आणिक कशानं पण होतं. आणि एका हंगामानं तर न्हाईच होत. वर्षानुवर्षं जायला लागतं."

तिला वाटलं ह्यानं मला बरं वाटेल. पण एका वर्षाची चूक असती तर मी ती एका वर्षाची म्हणून कुठंतरी ठेवली असती. ताडपत्रीचं एक वर्ष माझ्या डोळ्यांपुढं होतं. तो डबा तर दरवर्षीचा.

सारिकाला एवढ्यात सांगू नको म्हटलं, आधी तुझ्या तपासणीत काय ते येऊ दे. घट बसायला चार दिवस होते.

ते चार दिवस कसे गेले ते मला विचारू नका. काम नाही, हातात काही नाही, माणूस सोप्यात बसून सुनेच्या हाताकडं बघतो. मनात यायचं, आताच सांगावं, टाक ते सगळं. मग यायचं, तिनं विचारलं कशापायी, तर काय सांगू? आतापर्यंत खाल्लं, मागच्या वर्षी खाल्लं, आत्तींनी, म्हणजे तिच्या सासूनं, खाल्लं, आता काय झालं? आणि मग ते सगळंच सांगायला लागणार. संभाला पण कळणार. त्याच्या आईला मी काय म्हणालो होतो ते. मनात असंही आलं की अश्विनीच्या बाटलीत काही निघालं नाही तर बरं, म्हणजे सांगायलाच नको. माणूस किती हलका विचार करतो, ते ह्या वयातही कळायचं राहिलेलं असतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. चांगल्या वाट्यात काही काळजीचं नाही म्हणाली. डब्यातल्यात फार आहे. किती ते तिनं आकड्यात सांगितलं, मला ते कळलं नाही आणि विचारलंही नाही. म्हणाली, "आबा, म्हशीला पण घालू नका, दुधातनं परत येतंय. घाण्याला पण नको. जाळा न्हाईतर पुरा."

फोन ठेवला तेव्हा आतनं भाजल्याचा वास येत होता. सारिका चुलीपुढं बसली होती, कढईत डब्यातले दाणे, उलथनं चालू. उद्याच्या लाडवांची तयारी. शेजारी गूळ चिरून ठेवलेला. मी उंबऱ्यात उभा राहिलो. मी स्वयंपाकघरात कधी जात नाही, म्हणून तिनं मान वर करून बघितलं.

म्हटलं, "ते उतर. ते खायाचं न्हाय."

"का मामा, काय झालं?"

अश्विनीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बुरशीचं, विषाचं, चुंबकाचं, लिव्हरचं. ती ऐकत होती आणि हात चालूच होता, दाणे करपू नयेत म्हणून. सगळं ऐकून म्हणाली, "अख्खा डबा टाकायचा म्हंजे... आत्ती असत्या तर त्येनी टाकू दिलं नसतं."

आता ह्याच्यावर मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. तिनंच मला वाट करून दिली होती. मेलेल्या माणसाच्या नावावर आणखी एक गोष्ट. हौसाच्या नावावर मी तशाही बऱ्याच ठेवल्यात.

म्हटलं, "ती टाकतच हुती. ताडपत्रीच्या साली. मला इचारलं तिनं, टाकू का, कडू लागतंय. मी टाकू दिलं न्हाय. तुझ्या उपासाला हुईल म्हणालो."

उलथनं थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी चुलीतल्या जाळाकडं. ती उठली, पदरानं धरून कढई खाली घेतली आणि सगळे दाणे चुलीत ओतले. तेलकट जाळ उसळला, धूर झाला. मग डबा घेतला आणि तो पण मुठीमुठीनं रिकामा केला. आम्ही दोघं खोकत होतो. धुरानं डोळ्याला पाणी येतं, ते बरं असतं.

मग ती म्हणाली, "आणि उद्याच्याला मी काय खाऊ?"

चांगला वाटा बांधून ठेवला होता, दसऱ्याला लेकीच्या सासरला जायचा. मी ते गाठोडं सोडलं. सुपात ओतलं, सूप भरलं तरी ओतत राहिलो. ती म्हणाली, "मामा, हे वन्संच्या घरचं." म्हटलं, त्यांना सांग औंदा पाऊस झाला.

सूप तिच्यापुढं सरकवलं. ती बसली आणि तिचा हात लगेच चालायला लागला. निवडलेलेच दाणे होते, त्यात निवडायला काही नव्हतं. तरी जरा मोठा दाणा दिसला की तिची बोटं तो पुढं ढकलत होती, एका बाजूला छोटा ढीग होत होता. कुणासाठी, हे तिलाही माहीत नसेल. मी म्हणालो, "सारिका, पावणं कोण न्हाईत. खा तू."

तिनं त्या बाजूच्या ढिगातले चार दाणे घेतले, कढईत जरा परतले, फुंकर मारून साल काढली आणि एक तोंडात टाकला. चावता चावता थांबली.

"मामा," ती म्हणाली, "हे लई गोड हाईत की."

रानात ओल्या शेंगा तिनं खाल्ल्या असतील, काढणीला सगळेच खातात. चटणीचा दाणा वाटताना तोंडात टाकला असेल, की तोही टाकत नसेल, मला माहीत नाही. चौदा वर्षं झाली तिला ह्या घरात येऊन. आमच्या रानातला वाळवलेला, भाजलेला चांगला दाणा कसा लागतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

हौसाला कधी कळलं होतं का, हे मी कुणाला विचारू?